नाते आणि हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्यापैकी काही जणी मिळून मसाल्याचा व्यवसाय काढणार आहेत. 'भांडवल कोठून आणायचे?' हा प्रश्न सर्वांनी विचारला. 'जावाजावांत, मैत्रिणींत पैसा आला म्हणजे नाते टिकेल का?' हा मात्र मनातच राहिला. म्हणून शेजारच्याच एका उद्योगाची हकीकत सांगते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकीत. ही सुरुवात १८८८ ची. पुढे नांगरांचा कारखाना निघाला. पण बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा स्नेह उपयोगी पडला. त्यांनी जमीन दिली, दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा आपल्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या.

असे हे ऋणानुबंधाचे भांडवल. कँटनकडचे चिनी लोक परमुलखात गेले, तेव्हा त्यांच्यातही गाववाल्यांनी आणि आडनावबंधूंनी आपल्या भिशीसारख्या मंडळ्या काढून एकमेकांना पैसा पुरविला. बँक तारण मागते. आपला माणूस ओळखीवर देतो.

परंतु ओळखीवर मिळालेला पैसा ओळखीवर चालत नाही. वाडीत ज्याला जे साधे ते काम त्याच्याकडे असे. वसाहतीची व्यवस्था रामुअण्णांकडे, ओतकाम शंभोराव जांभेकरांकडे आणि हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. किल्ली भावाकडे आणि वहीही भावाकडेच, असे झाले नाही.

आणखी एक. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि इतर बायांनी त्या ओसाड माळावर संसार मांडले, म्हणून पुरुषांना कारखान्यात लक्ष घालता आले. अशा कष्टांना जमाखर्चात बहुधा जागा नसते. घरचीच माणसे, त्यांना काय द्यायचे, असे आपणही म्हणतो. पुष्कळदा रुसवा तेथूनच सुरू होतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच. जी मिरच्या कांडील, तिची मजुरी नफ्याच्या आधी लिहा. उसने घेतलेले, मग ते सख्ख्या बहिणीचे का असेना, तारखेसह मांडा. वही दरमहा सर्वांसमोर वाचा. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. चोख हिशेबाने पैसा तर राहीलच, पण संक्रांतीला एकमेकींच्या घरी वाण लुटायला जाताना मनात किंतु राहणार नाही.