थळची भट्टी आणि तलासरीचे खाचर

डहाणू-तलासरीच्या भातखाचरांवरच्या हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, आणि खालचे भात नायट्रोजनवाचून पिवळे पडते. हवेत त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने असे जखडलेले असतात की भाताला ते सोडवता येत नाहीत. फ्रिट्झ हाबर यांनी 1909 साली प्रयोगशाळेत ही गाठ सोडवली आणि कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांतून 1913मध्ये जर्मनीत ओपाऊचा कारखाना उभा राहिला. आपल्याकडे अलिबागजवळ थळला हेच चालते. नैसर्गिक वायू आणि वाफेपासून हायड्रोजन काढतात, हवेतून नायट्रोजन घेतात, आणि तीनास एक प्रमाणात दोन्ही लोहाच्या उत्प्रेरकावरून नेतात. दोन्हींच्या संयोगातून अमोनिया तयार होतो आणि उष्णता बाहेर पडते, म्हणून तापमान कमी असेल तर अमोनिया जास्त मिळायला हवा. पण तेव्हा क्रिया फार रेंगाळते. मग 400 ते 500 अंश सेल्सिअस तापमान ठेवावे लागते, आणि त्या उष्णतेत अमोनिया फुटू नये म्हणून प्रचंड दाब द्यावा लागतो. तरीही एका फेरीत थोडाच वायू जुळतो. उरलेला पुन्हा पुन्हा फिरवतात. अमोनियाला कार्बन डायऑक्साइड जोडला की युरिया तयार होतो.

एवढ्या आगीतून आलेला हा युरिया आपण भर पावसात खाचरात फोकून देतो. माझा आक्षेप इथे आहे. युरियापासून झालेला थोडा अमोनिया पाण्यावरूनच उडतो. चिखलाच्या वरच्या पातळ थरात ऑक्सिजन असतो. तिथे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते खाली, ऑक्सिजन नसलेल्या थरात झिरपले की दुसरे जिवाणू त्याचा पुन्हा नायट्रोजन वायू करतात. थळला जुळवलेले खाचरात उसवते! डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री लागवडीने यावर नेमके बोट ठेवले. युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची गोळी चार चुडांच्या मधोमध 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. त्या खोलीवर ऑक्सिजन नाही, म्हणून अमोनियम अमोनियमच राहते आणि मुळे ते हळूहळू उचलतात.

कोणी म्हणेल, कारखानाच कशाला, पाला जाळून जमीन भाजण्याचा आपला राब काय वाईट होता? राबाने तण मरते, राखेतून पालाश मिळते, हे खरेच. पण पाला जळताना त्यातला बहुतेक नायट्रोजन धुरावाटे हवेत जातो. त्याऐवजी गिरिपुष्पाचा पाला न जाळता चिखलणीत गाडला, तर नायट्रोजन जमिनीत राहतो. सावंतांच्या चार सूत्रांत हेही आहे. वालाच्या मुळांवरच्या गाठी भट्टीशिवाय अमोनिया बनवतात, तेव्हा भातानंतरच्या ओलीवर वाल घ्यावाच. मात्र तेवढ्यावर भाताची सगळी भूक भागेल असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप मजुरीचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. गुंठ्याला 625 गोळ्या वाकून खोचायच्या, त्याही लावणीच्या घाईत. ज्याला मजूर लावावे लागतात त्याला हे जड जाईल. पण इथली पुष्कळ वारली कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि लावणीला गावात असतात. खाचरे लहान, हात घरचे. दोन-तीनदा खत फोकण्याऐवजी हे काम एकदाच होते, आणि गुंठ्याला खत लागते जेमतेम 1 किलो 700 ग्रॅम.