पोळलेले मन



एकदा पोळलेले मन पुन्हा कोणावर विसंबायला भिते. बाया कर्वे, म्हणजे माहेरच्या गोदूबाई जोशी, बाळपणीच विधवा झाल्या. पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या. १८९३ साली विधुर धोंडो केशव कर्व्यांशी त्यांनी पुनर्विवाह केला. मुरूड गावाने बहिष्कार घातला, तरी संसार टिकला.

आधी शिक्षण, मग लग्न, हा क्रम मला मोलाचा वाटतो. आपल्या पायांवर भरवसा बसला, की दुसऱ्याचा हात धरायला भीती वाटत नाही.

आपल्या पावण्यातही अशी एखादी भगिनी असेल. तिला "विसर आता" म्हणू नका. मंडळात शेजारी बसवा. आणि तिने पुन्हा संसार मांडला, तर कुजबूज न करता हळदीकुंकवाचे पहिले बोलावणे तिलाच धाडा.