पाकीट उलटून पाहा

पाव चांगला फुगावा म्हणून पूर्वी मैद्यात पोटॅशियम ब्रोमेट नावाचे रसायन घालीत. चोरून नव्हे, सरकारची परवानगी होती. पण या रसायनाने उंदरांना कर्करोग होतो, असे शास्त्रज्ञांना आढळले. अखेर २०१६ साली सरकारने ती परवानगी काढून घेतली.

म्हणजे मंजुरी ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. ज्ञान वाढते, तसे नियमही बदलतात, पण सावकाश. म्हणून आपणच डोळे उघडे ठेवावेत.

बंद पाकिटात काय काय घातले, ते पाकिटावर छापावेच लागते. अक्षरे बारीक असतात. चष्मा लावूनही आम्ही अडखळतो, पण वाचतो. तुम्हीही आता वाचायला शिकलात. आधी वाचा, मगच पैसे द्या. तो पाव आपलीच पोरंबाळं खाणार आहेत!