सड्यावर झाडे नकोत





आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सूचना आली आहे : स्नेहमेळाव्याची आठवण म्हणून गावामागच्या सड्यावर झाडे लावूया. भावना फार चांगली आहे. तरीही मी हात जोडून म्हणते, तिथे झाडे नकोत.

सडा आपल्याला ओसाड दिसतो. सातबाऱ्याच्या भाषेत तो पोटखराब. पण आपल्या जिल्ह्यातले कासही असेच उघडे पठार आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंच, जांभ्या दगडावर जेमतेम मातीचा थर. तिथे सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ८५० जाती आढळतात. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला, त्यात कास आहे.

ही श्रीमंती त्या पातळ मातीमुळेच आहे. मोठ्या झाडांना तिथे मूळ धरता येत नाही, म्हणून वीतभर रोपांना भरपूर ऊन मिळते. मातीत नत्र कमी, म्हणून सीतेची आसवे आणि दवबिंदू किडे पकडून आपली गरज भागवतात. पाणथळ जागी पांढरे गेंद फुलतात. साताऱ्याचे नाव शास्त्रीय नावात मिरवणारा वायतुरा सह्याद्रीबाहेर कुठेच सापडत नाही. गौरीला आपण तेरडा आणतो आणि तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतो; त्याच पठारावरची टोपली कारवी मात्र फुलायला सात वर्षे घेते.

अशा जागी खड्डे खणून बाहेरची माती टाकली, की तिच्याबरोबर बाहेरच्या तणांचे बी येते. झाडे जगलीच, तर त्यांच्या सावलीत उन्हावर वाढणारी ही रोपे मरतात. सॉफ्टवेअरच्या कामात आम्ही एक पथ्य पाळतो : एखादा भाग निरुपयोगी वाटला, तरी त्यावर काय काय अवलंबून आहे हे पाहिल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. सड्यालाही तेच लागू आहे.

झाडे जरूर लावूया, पण शाळेच्या कुंपणालगत. आंबा, जांभूळ, वड. मुलांना सावली मिळेल. आणि दर भाद्रपदात नववीच्या मुलांना विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर सड्यावर न्यावे, पाऊलवाट न सोडता. त्यांनी दिसेल त्या फुलाचे नाव वहीत लिहावे. त्या वह्यांचा आणि भिंगांचा खर्च आपल्या तुकडीने उचलावा, एवढीच माझी विनंती.