साडेसात किलो लोकर



दसऱ्याच्या आधी घर आवरायला काढलं की आमच्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते. तीन वर्षांपूर्वी ती उतरवताना मुलगा म्हणाला, "आई, हिच्यात दगड भरलेत का?" दगड कुठले, लोकर होती. पन्नासहून जास्त वर्षं मी विणते आहे. स्वेटर, मफलर, कानटोप्या, बाळंतविड्यातली टोपडी-मोजे, सगळं करून जे जे उरलं ते त्या ट्रंकेत जाऊन बसलं होतं.

एकदा कळू तरी दे किती आहे, म्हणून वजन करायचं ठरवलं. स्वयंपाकघरातला काटा त्या ढिगाला पुरेना. तेवढ्यात खालून रद्दीवाल्याची हाक आली, त्यालाच वर बोलावलं. त्याने ट्रंकेत डोकावून मान हलवली.

"आजी, हे नाही घेत आपण."

"द्यायचंय कुणाला? फक्त वजन सांग."

त्याने जुन्या चादरीत गाठोडं बांधलं, काट्याच्या हुकाला लटकवलं आणि म्हणाला, "साडेसात किलो." मग जरा थांबून, "पेपर असते तर बरे पैसे आले असते तुम्हाला."

मोठ्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर साधारण ४५० ते ५०० ग्रॅम लोकरीत होतो. म्हणजे पंधरा माणसांच्या अंगावर जाईल एवढी ऊब आमच्या माळ्यावर कुलपात होती.

आता एवढी लोकर उरते कशी, ते सांगते. विणणाऱ्या बायका उधळ्या असतात म्हणून उरते, असं मुळीच नाही. उलट त्या जपून वागतात म्हणून उरते. लोकरीच्या वेष्टनावर रंगाच्या नंबराशिवाय आणखी एक नंबर असतो, लॉटचा. चकलीचा पहिला घाणा आणि तिसरा घाणा जसा एका रंगावर उतरत नाही, तसंच लोकरीच्या रंगाचं. नंबर तोच, पण लॉट वेगळा असला तर स्वेटर पुरा झाल्यावर एक बाही उन्हात वेगळी दिसते. म्हणून नऊ गुंडे लागणार असतील तर शहाणी बाई दहा घेते. दहावा उरतो. नवव्यातलाही अर्धा उरतो. असे किती स्वेटर झाले ते मोजा, म्हणजे ट्रंक कशी भरली ते कळेल.

हे सगळं मी तसंच पुन्हा माळ्यावर टाकलंही असतं. पण तळाशी एक गुंडा होता, लष्करी हिरव्या रंगाचा. तो माझ्या आईचा. १९६२ साली चीनशी लढाई जुंपली तेव्हा मी आठ वर्षांची होते, आम्ही साताऱ्याला राहत होतो. हिमालयात पाठवलेल्या जवानांपाशी तिथल्या थंडीला पुरे पडतील असे कपडे नव्हते, आणि देशभर बायका त्यांच्यासाठी विणायला बसल्या होत्या. आमच्या वाड्यात दुपारची जेवणं उरकली की ओसरीवर सुयांचा आवाज सुरू व्हायचा. सुलट टाका मला आईने त्याच दिवसांत शिकवला. मी विणलेल्या मफलरातले गळलेले टाके ती रात्री कंदिलाशी बसून वर उचलून घ्यायची. त्या वेळचा हा उरलेला गुंडा. तिने ठेवला, तिच्यामागे मी ठेवला.

मी त्याचं टोक धरून ओढलं. वीतभर धागा हातात आला आणि तुटला. पुन्हा ओढलं, पुन्हा वीतभर. गुंडा दोन्ही हातांनी उकलून बघितला तर आतून पोखरलेला, मध्ये बारीक पांढरी जाळी. कसर लागली होती. कसरीचं उडणारं पाखरू लोकर खात नाही, त्याची अळी खाते. आणि ती अंधारात, न हललेल्या कपड्यांतच सुखाने राहते. डांबरगोळ्या केव्हाच उडून गेल्या होत्या, वेखंडाचा वास संपला होता. आईची आठवण म्हणून साठ वर्षं जपलेली लोकर मी जपून जपून किड्यांच्या तोंडी दिली होती. फार वाईट वाटलं त्या दिवशी.

ते तुकडे मी टाकले नाहीत. उन्हात घातले, धुतले, पुन्हा उन्हात घातले. वीतभर तुकड्यांचं विणकाम होत नाही, पण गोंडा होतो. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, मधोमध भोक, त्याभोवती तुकडे भरत जायचे, मध्ये दोरा आवळून बांधायचा आणि कडेने कातरायचं. माझ्या भावाच्या नातवाच्या कानटोपीवर तो हिरवा गोंडा लावला. पोरगं रोज शाळेला ती टोपी घालून जायचं. आईच्या लोकरीला अखेर थंडी मिळाली.

त्याच दिवशी ठरवलं, ट्रंक रिकामी होईपर्यंत नवी लोकर आणायची नाही. या लोकरीचं भिजत घोंगडं किती वर्षं ठेवणार?

आधी लोकर निवडायला घेतली. अर्ध्या गुंड्यांवर वेष्टनं नव्हती, त्यामुळे शुद्ध लोकर कोणती आणि अ‍ॅक्रिलिक कोणतं ते कळेना. त्याला एक परीक्षा आहे: चिमूटभर धागा जाळून बघायचा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. अ‍ॅक्रिलिक म्हणजे खनिज तेलापासून केलेला धागा. तो वितळतो आणि त्याचा टणक मणी होतो. मी मोरीत बसून एकामागून एक चाळीस धागे जाळले. शाळेतून आलेल्या नातीने दारातूनच विचारलं, "आजी, कोणाचे केस जळले?" आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

एवढं करूनही पहिली गोधडी फसली. सहा-सहा इंचांचे चौकोन विणून जोडायचे, असा बेत होता. त्यात शुद्ध लोकरीचे चार चौकोन नजरचुकीने अ‍ॅक्रिलिकमध्ये मिसळले. लोकरीच्या तंतूवर डोळ्यांना न दिसणारी खवलं असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ती एकमेकांत गुंततात आणि वीण आटते. गोधडी वॉशिंग मशीनमधून निघाली ती तळलेल्या पापडासारखी. चार ठिकाणी आखडलेली, मध्ये फुगलेली. ते चार चौकोन उसवायला गेले तर त्यांचा नमदा झाला होता, टाकाच सापडेना. कात्रीने कापून काढले आणि जागी दुसरे बसवले. आटलेल्यांची गरम भांडी धरायला चार फडकी झाली. लोकर पटकन पेट घेत नाही, त्यामुळे त्या कामाला ती उत्तमच.

मग रंगांचा प्रश्न. ट्रंकेत चौदा रंग होते आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. बोटाएवढ्या जांभळ्याशेजारी मुठीएवढं पोपटी. त्यांना एकत्र नांदवायला मधून एक शांत रंग हवा, आणि तोच नेमका ट्रंकेत नव्हता. त्यामुळे तुळशीबागेत जाऊन मोतिया रंगाचे ५० ग्रॅमचे बारा गुंडे घेतले. गोधडी देखणी झाली. ७०० ग्रॅम जुनी लोकर लागली, नवीन ४०० लागली आणि २०० उरली. मुलाने हिशेब मांडून दाखवला: "म्हणजे आता सात किलो." तरी अर्धा किलो उतरलं होतं, मी खूश होते.

तेवढ्यात शेजारपाजारी बातमी पसरली की या उरलेली लोकर वापरतात. एकेक पिशवी दाराशी येऊ लागली. कोणाच्या सासूबाईंची, कोणाच्या मावशीची. प्रत्येकीचं वाक्य तेच: "मला विणता येत नाही, पण टाकवत नाही हो." नाही कसं म्हणणार? महिन्याभरात १ किलो १०० ग्रॅम लोकर घरात आली. रद्दीवाला पुन्हा वर आला, काटा बघून म्हणाला, "आजी, वाढलं की!"

या पिशव्यांनीच मला खरं काम दिलं.

वरच्या मजल्यावरच्या एका मुलाने आणून दिलेल्या पिशवीत सुयांवर चढवलेलं विणकाम होतं. मरून रंगाचा स्वेटर, पाठ पुरी, पुढचा भाग छातीपर्यंत आलेला. शेवटची ओळ निम्मी विणून थांबलेली. सोबत किराणामालाच्या यादीच्या मागे पेन्सिलने लिहिलेलं: काखेला १२ कमी. त्याची आई गेली तेव्हा हे तिच्या उशाशी होतं. तो म्हणाला, "काकू, उसवून काही दुसरं केलंत तरी चालेल."

मी उसवलं नाही. सुया तशाच उचलल्या आणि ती निम्मी ओळ पुरी करायला बसले. चार ओळी झाल्या आणि लांब धरून बघितलं तर जोड स्पष्ट दिसत होता. विणणाऱ्या प्रत्येक बाईचा हात वेगळा असतो, अक्षरासारखा. त्या माउलीचा हात सैल होता, माझा आवळ. तिचे टाके ऐसपैस बसलेले, माझे दाटीवाटीने. सुया १० नंबरच्या होत्या. आपल्याकडच्या जुन्या मापात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. मी माझ्या चार ओळी उसवल्या आणि ९ नंबरच्या सुया घेतल्या. सुई जाड झाली तसा माझा हात तिच्या हाताशी जुळला. असं दुसऱ्याच्या हाताने विणणं मी आयुष्यात पहिल्यांदा केलं, आणि त्या पंधरा दिवसांत ती बाई मला चांगली ओळखीची झाली. काखेला ती १२ टाके एकदम कमी करत नव्हती. आधी सहा, मग दोन-दोन. पाठीवर दिसत होतं ते. मीही पुढे तसंच केलं.

एका बाहीला लोकर कमी पडली. तो लॉट आता कुठे मिळणार? ट्रंक उपसली. तीत मरून रंगाचे दोन गुंडे निघाले, माझ्या यजमानांच्या १९८८ सालच्या स्वेटरमधले. रंग एक छटा काळपट. अशा वेळी नवा रंग एकदम सुरू करायचा नाही. दोन ओळी या गुंड्याच्या, दोन त्या गुंड्याच्या, असं विणत गेलं की डोळ्याला फरक कळत नाही. दोन्ही बाह्या मुद्दाम तशाच विणल्या, म्हणजे जोडी बरोबर दिसावी.

स्वेटर दिला तेव्हा त्याने तो टेबलावर पसरला आणि पुढच्या भागावर खालून वर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "काकू, आईचं कुठपर्यंत आहे?"

मी स्वेटर उलटा केला. तिची शेवटची ओळ जिथे थांबली होती, तिथे आतल्या बाजूने मी एक पांढरा दोरा घालून ठेवला होता.