शिकून काय होणार?
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"जगाची स्थिती आणि आपला दृष्टिकोन" असा भारदस्त विषय मला देण्यात आला आहे. मी काही जग फिरून आलेला माणूस नव्हे. वसईहून चर्चगेटला जाऊन येणे हाच माझा मोठा प्रवास. तेव्हा जगाकडे वळण्यापूर्वी आमच्या शाळेच्या कार्यालयात घडलेली एक लहानशी गोष्ट सांगतो.

गेल्या जून महिन्यात, शाळा उघडून आठवडाही झाला नव्हता, एक पालक मुलाचा दाखला मागायला आले. मुलाने नुकतीच चौदा वर्षे पूर्ण केलेली, आठवी पास होऊन तो नववीत बसलेला. फार हुशार म्हणता येणार नाही, पण गणितात त्याचा हात चांगला. वालीवच्या एका गाळ्यात त्याला कामाला लावायचे ठरले होते. वर्गशिक्षक या नात्याने मी दोन शब्द बोललो. त्यावर त्यांनी खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. "सर, बघताय ना जगात काय चाललंय? रोज लढाई, रोज मारामारी. आपल्या पोरांना कोण विचारतो? शिकून काय होणार?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर त्या दिवशी त्यांचे म्हणणे मला पटले होते. त्यांचा अर्ज मुख्याध्यापकांकडे मीच नेऊन दिला. उत्तर पुढे हळूहळू सुचत गेले, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

त्या गृहस्थांनी खोटे काहीच सांगितले नव्हते, हे आधी कबूल केले पाहिजे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध भडकले. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझातील मुलांची जी चित्रे आपण पाहिली ती विसरा असे सांगणारा मी कोण? आपल्या घरची स्थितीही लपवण्यासारखी नाही. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितले की, ६ ते १४ वर्षे वयाच्या मुसलमान मुलांपैकी २५ टक्के मुले एक तर शाळेत गेलीच नव्हती किंवा मध्येच गळाली होती. ती गळती मी वर्गात बसून पाहतो. हजेरीपटावर लाल शाईची रेघ मारणारा हात माझाच असतो.

परंतु हे अर्धे चित्र आहे. एकदा मी नववीच्या वर्गात विचारले, "जगातल्या एक वर्षाच्या मुलांपैकी किती जणांना एखादी तरी रोगप्रतिबंधक लस मिळते? शंभरात वीस, पन्नास की ऐंशी?" बहुतेकांनी वीस म्हटले. हाच प्रश्न मी शिक्षकांच्या खोलीत विचारला, तेथेही तीच गत! बरोबर उत्तर ऐंशी, किंबहुना त्याहून अधिक. हा प्रश्न माझा नव्हे, स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांचा. देशोदेशीच्या शिकल्या-सवरल्या माणसांना त्यांनी तो विचारला आणि बहुतेक सारे चुकले. वाईट बातमी धावत येते. चांगली गोष्ट मात्र वर्षानुवर्षे थोडी थोडी घडत असते, म्हणून ती बातमी होतच नाही.

माझी आजी रेशनच्या दुकानात अंगठा लावीत असे. १९५१ च्या जनगणनेत देशातील शंभर स्त्रियांपैकी नऊजणींनासुद्धा लिहिता-वाचता येत नव्हते. २०११ मध्ये हे प्रमाण ६५ च्या आसपास पोहोचले. १९७१ साली आपल्या देशात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी १२९ पहिला वाढदिवस पाहत नसत; २०२० साली हा आकडा २८ वर आला. अठ्ठावीस हादेखील थोडा आकडा नव्हे, ज्या घरातले बाळ जाते त्या घराला विचारा. पण १२९ कुठे आणि २८ कुठे? आपल्यापैकी अनेक वयस्क भगिनींना आपली किती भावंडे लहानपणीच गेली हे आठवत असेल.

आता पोलिओची हकिकत जरा सविस्तर सांगतो, कारण ती आपल्या समाजाची हकिकत आहे. २००२ साली देशात पोलिओचे १,६०० च्या आसपास रुग्ण सापडले. त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातले, आणि त्यांत मुसलमान मुलांचे प्रमाण फार मोठे. पश्चिम उत्तर प्रदेशात अफवा पसरली होती की, डोस पाजले तर मुलांना पुढे संतती होणार नाही. लोक दारे लावून घेत, मुलांना लपवीत. सरकारी माणसावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि त्या अविश्वासालाही कारणे असतील. पण लुळी पडत होती ती आपलीच लेकरे.

तेव्हा मोहिमेतील माणसांनी "या लोकांचे काही होणार नाही" असे म्हटले असते तर? तसे म्हणणारे असतीलच. इतरांनी मात्र दुसरी वाट धरली. त्याच मोहल्ल्यातल्या स्त्रिया घरोघर जाऊन आयांशी बोलू लागल्या. मशिदींतून इमामांनी आवाहन केले. अलीगढ आणि जामिया मिल्लियाची प्राध्यापक मंडळी गल्ल्यांतून फिरली. दारावर खडूने खूण करायची, घर राहिले तर पुन्हा जायचे, असे हे काम. तरीही २००९ साली ७४१ रुग्ण निघाले. इतक्या वर्षांच्या मेहनतीनंतर ७४१! त्या वर्षी हात टेकले असते तर कोणी दोष दिला नसता. पुढच्याच वर्षी ते ४२ झाले. २०११ मध्ये फक्त एक, १३ जानेवारीला बंगालमधील हावडा येथे आजारी पडलेली एक लहान मुलगी. त्यानंतर एकही नाही, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

याच संदर्भात सोमालियाच्या अली माओ मालिन यांचे नाव घ्यावेसे वाटते. मर्का शहरातील रुग्णालयात ते स्वयंपाकी होते. सुई टोचेल या भीतीने त्यांनी देवीची लस टाळली आणि ऑक्टोबर १९७७ मध्ये त्यांना देवी आल्या. ते बचावले. निसर्गतः देवी झालेले जगातील ते शेवटचे रुग्ण ठरले. १९८० साली रोगाचे उच्चाटन जाहीर झाले. पुढे हेच मालिन पोलिओच्या मोहिमेत शिरले, आणि लस नाकारणाऱ्या आयाबापांना आपली चूक सांगत हिंडू लागले. त्यांच्या देशातून पोलिओ गेला, पण २०१३ मध्ये परत आला! मालिन पुन्हा कामाला लागले आणि त्याच कामावर असताना मलेरियाने वारले. सुधारणा एकदा झाली की कायमची झाली, असे मुळीच नाही. म्हणून "सगळे आपोआप ठीक होईल" असे म्हणत बसणाऱ्यालाही मी आशावादी म्हणणार नाही. तोही त्या निराश माणसासारखाच हातावर हात ठेवून बसलेला असतो.

तर त्या पालकांना मी आता काय म्हणेन? "भाई, युद्ध थांबवणे तुमच्या-माझ्या हाती नाही. पण तुमचा मुलगा नववीत बसतो की गाळ्यात, हे तुमच्या हाती आहे. जग बिघडले म्हणून त्याला काढलात, तर बिघडलेल्या जगात तो आणखी एका दाखल्याविना उभा राहील." नोकरीची हमी मी देऊ शकत नाही. नाव पाहून अर्ज बाजूला ठेवणारे लोक आहेत, हे मला ठाऊक आहे. पण अर्जच न करणाऱ्याला त्यांनी बाजूला ठेवण्याची गरजही पडत नाही.

मध्यंतरी नालासोपारा स्टेशनवर तो मुलगा भेटला. उंच झाला आहे, हाताला ग्रीस लागलेले. "सर, मोजमाप सगळं मीच घेतो," असे अभिमानाने म्हणाला. दहावीचे विचारले तेव्हा "बघू" म्हणून गाडीत चढला. मी त्याच्या घरी दोनदा जाऊन आलो आहे, पुन्हा जाणार आहे.

येथे बसलेल्या कोणाच्या घरी असा शाळा सुटलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर ऐकून ठेवा. बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते. फॉर्म आता ऑनलाईन भरावा लागतो आणि मुदत दरवर्षी जाहीर होते, ती चुकवू नये. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड घेऊन या. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तासभर कार्यालयातच असतो.