परदेशातील अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आणि आपले विद्यार्थी

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात संस्थेच्या शिक्षण समितीतर्फे केलेले भाषण)



अध्यक्षांनी आम्हाला मोजकाच वेळ दिला आहे, तेव्हा सरळ विषयाकडे येतो. पूर्वी आमच्या समितीकडे मुले येत ती एम.एस. किंवा पीएच.डी.साठी परदेशी कसे जावे, हे विचारायला. आता द्वितीय वर्षाचा विद्यार्थी विचारतो, सुट्टीत तीन आठवड्यांच्या कोर्सला जाऊ का? आणि त्याच्यामागे उभे असलेले वडील हळूच विचारतात, त्यासाठी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढू का? या दुसऱ्या प्रश्नाची आम्हाला अधिक काळजी वाटते.

मध्यंतरी एका पालकांनी आम्हाला एका एजंटाचे पत्रक दाखविले. वर बाबासाहेबांचे छायाचित्र आणि खाली मजकूर असा की, ते शिकले त्या लंडनमध्ये तुमचा मुलगाही शिकेल. मुदत तीन आठवडे. पत्रक वाचून आम्हाला राग आला. बाबासाहेब 1913 साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथे तीन वर्षे राहिले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. यातले काही त्या पत्रकावर नव्हते. एकूण खर्चाचा आकडाही नव्हता!

याचा अर्थ असे अभ्यासक्रम खोटे असतात, असा कोणी घेऊ नये. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची उन्हाळी शाळा तीन-तीन आठवड्यांच्या सत्रांत भरते. तेथे तास होतात, परीक्षा होते, गुणपत्रक मिळते. परंतु ते गुणपत्रक आपल्या कॉलेजात चालते काय, हा खरा प्रश्न आहे. तेथे येणाऱ्या अनेक परदेशी विद्यार्थ्यांची क्रेडिट्स त्यांच्या विद्यापीठांत मोजली जातात; तसे असेल की नाही, हे ते निघण्यापूर्वीच लेखी विचारून घेतात. आपला मुलगा प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावतो. फी, राहणे, विमानभाडे, व्हिसा मिळून खर्च काही लाखांच्या घरात जातो, आणि एवढ्या किमतीची फ्रेम आपल्या घरांना परवडत नाही.

कॉलेजच्या मुलांनी थोड्या मुदतीसाठी परदेशी शिकायला जाणे म्हणजे काय, ते पाहायचे असेल तर लंडनकडे नव्हे, बोधगयेकडे पाहावे. अमेरिकेतील अँटिऑक कॉलेजने 1979 साली तेथे बौद्ध अध्ययनाचे एक सत्र सुरू केले. पुढे तो कार्यक्रम कार्लटन कॉलेजकडे आला. विशी-बाविशीतली मुले पावसाळा सरताना येतात आणि साधारण तीन महिने राहतात. बर्मी विहारातील साध्या खोल्यांत त्यांचा मुक्काम ठेवलेला असे. पंचशील पाळण्याचे बंधन असे. स्वतः बौद्ध असण्याची अट नसे. बौद्ध तत्त्वज्ञान, इतिहास, समाजजीवन हे विषय, जोडीला हिंदी किंवा तिबेटी भाषा, आणि थेरवाद, झेन व तिबेटी अशा तिन्ही परंपरांतील ध्यान. शेवटचे काही आठवडे प्रत्येकाने आपला विषय घेऊन स्वतंत्रपणे हिंडायचे, माणसांना भेटायचे, निबंध लिहायचा. आणि हे सर्व त्यांच्या पदवीत मोजले जाते. आपण सहलीच्या बसने जाऊन दोन दिवसांत महाविहार पाहून येतो. तीही श्रद्धाच आहे, पण तो अभ्यास नव्हे.

आपल्याकडेही दार थोडे उघडले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार, दोन संस्थांत तसा करार असेल तर विद्यार्थी पदवीची 30 टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स परदेशी विद्यापीठात मिळवू शकतो. म्हणून एजंटाकडे जाण्याआधी प्राचार्यांकडे जावे आणि विचारावे: आपल्या कॉलेजचा असा करार आहे काय? नसेल तर आमची क्रेडिट्स कोण मोजणार? उत्तर लेखी घ्यावे. तोंडी उत्तर देणारे साहेब पुढच्या वर्षी बदलून गेलेले असतात.

आता पैशाचे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर पदवी व पीएच.डी.साठी आहेत. तीन आठवड्यांच्या कोर्सला त्यांतून मदत मिळत नाही, हे एजंट सांगत नाही. ज्या घरात एकदाच पैसा उभा राहू शकतो, त्या घराने तो या मोठ्या शिक्षणाच्या तयारीसाठी राखावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. काही पालकांना ते कडू लागेल.

मात्र दुसऱ्याच्या खर्चाने जाण्याचे मार्ग आहेत आणि तेथे आपली मुले फारच कमी दिसतात. जपानचा साकुरा सायन्स कार्यक्रम 2014 साली सुरू झाला. त्यात प्रवास व राहण्याचा खर्च जपान करतो, पण विद्यार्थ्याने परस्पर अर्ज करायचा नसतो. तेथील संस्था येथील संस्थेला बोलावते. म्हणजे पुन्हा प्राध्यापकांच्या मागे लागणे आले. कॅनडाची मायटॅक्स ही संस्था बारा आठवड्यांच्या संशोधनकामासाठी भारतीय पदवी विद्यार्थी घेत आली आहे. जर्मनीची डी.ए.ए.डी. उन्हाळी भाषावर्गांना शिष्यवृत्ती देत आली आहे. त्यासाठी पदवीची दोन वर्षे पुरी झालेली असावीत आणि जर्मन बऱ्यापैकी यावी. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे. प्रथम वर्षाला भाषा धरली तर तृतीय वर्षाला अर्ज करता येतो. तृतीय वर्षाला जागे झालेल्यास आम्ही काय मदत करणार?

व्हिसाबद्दल थोडक्यात. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यास पाहुण्याच्या व्हिसावर करता येतो. शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवस राहता येते आणि किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. नकार आला तर व्हिसाची फी परत मिळत नाही, म्हणून कागद पक्के हवेत. आपल्याकडे घोटाळा होतो तो नावात. जन्मदाखल्यावर एक आडनाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारकार्डावर तिसरेच स्पेलिंग. ते आधी एक करून घ्यावे. परीक्षेच्या तारखाही पाहाव्यात. जूनचे सत्र आणि आपली लांबलेली परीक्षा एकाच आठवड्यात येऊ शकते.

पासपोर्टचा अर्ज भरण्यास ज्यांना मदत हवी असेल, त्यांनी रविवारी सकाळी कार्यालयात यावे. येताना वरील तिन्ही कागद आणि कॉलेजचे अभ्यासक्रमाचे पुस्तक आणावे. आणि एजंटाला पैसे दिले असतील तर पावतीही घेऊन यावे.